कांचेच्या पेटींतील पांढरे ठिपके



घरांत कांचेची पेटी ठेवून तींत रंगीबेरंगी मासे पाळण्याची हौस आतां श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती राहिलेली नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही खिडकीशेजारीं एखादी लहानशी पेटी आढळते, आणि शाळेंतून आलेलीं मुलें दप्तर टाकण्यापूर्वीं तिच्यापाशीं जाऊन उभीं राहतात. मासा पाळणें सोपें, असा एक समज रूढ आहे. तो भुंकत नाहीं, त्याला फिरावयास न्यावें लागत नाहीं, चिमूटभर खाद्यावर तो दिवस काढतो. हें सर्व खरें. परंतु कुत्रें किंवा मांजर आजारी पडलें तर त्याला घेऊन जावयास जागा आहे. मासा आजारी पडला तर बहुधा ती नाहीं. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य मोठ्या शहरांतही विरळा. औषधें मिळावयाचीं तीं मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे, आणि त्याच्या फळीवरील रंगीत बाटल्यांपैकीं पुष्कळांवर आंत काय आहे याचा उल्लेखही नसतो. लहान गांवीं तर तें दुकानही नसतें. 2020 सालच्या मार्च महिन्याच्या 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां ज्यांना चार पावलांवर दुकान होतें अशा शहरवासीयांनाही ही अडचण काय असते तें कळलें.

अशा प्रसंगीं घरांतल्या साधनांनीं काय करतां येतें, आणि काय करूं नये, हें आज सांगावयाचें आहे. परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर आपली उपजीविका करणारे जीव. माशांना पीडा देणारे असे जीव अनेक आहेत. पण मासे पाळणाऱ्याची ज्याच्याशीं कधीं ना कधीं गांठ पडल्यावांचून राहत नाहीं असा एक आहे, आणि माझा बराचसा वेळ मी त्यालाच देणार आहें.

त्याचें शास्त्रीय नांव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिइस. नांव जिभेला जड आहे, पण अर्थ सुटसुटीत आहे: पुष्कळ लेंकरांची, माशाची ऊ. फूके नांवाच्या शास्त्रज्ञानें 1876 सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ही ऊ म्हणजे कीटक मात्र नव्हे. हा एकाच पेशीचा जीव. त्याच्या सर्वांगावर लवेसारखे सूक्ष्म केंस असतात आणि त्यांच्या सततच्या हालचालीनें तो गरगर फिरत राहतो. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर त्याच्या पोटांत घोड्याच्या नालाच्या आकाराचें केंद्र स्पष्ट दिसतें. पूर्ण वाढ झाली म्हणजे तो एक मिलिमीटरपर्यंत मोठा होतो; एकपेशीय जीवाच्या मानानें हा आकार फारच मोठा, आणि म्हणूनच तो नुसत्या डोळ्यांना दिसतो.

दिसतो तो असा: माशाच्या अंगावर, परांवर, शेपटीवर रव्याचे कण चिकटले आहेत कीं काय असें वाटतें. त्याच्या एक-दोन दिवस आधींपासून मासा बेचैन असतो. तो खडे, वनस्पती, पेटीचा तळ यांवर अंग घासून घेतो, पर अंगाशीं मिटून ठेवतो, खाद्याकडे पाठ फिरवितो. कधीं कधीं अंगावर ठिपका एकही नसतो, पण जीव कल्ल्यांत शिरलेला असतो. अशा वेळीं मासा पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतो. हा प्रकार अधिक घातक, कारण ठिपके दिसत नाहींत म्हणून धनी निश्चिंत असतो.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. सोनमाशाचा, म्हणजे गोल्डफिशचा, नर वयांत आला कीं विणीच्या काळांत त्याच्या कल्ल्यांच्या झांकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक दाणे येतात. ते नीट ओळीनें, ठराविक जागीं असतात. मासा उत्तम खातो, चपळ असतो, माद्यांच्या मागें धांवत असतो. हा रोग नव्हे, तारुण्य आहे. या निरोगी नरांना औषधांनीं हैराण करण्याचे प्रकार पुष्कळ घडतात. तेव्हां प्रथम पाहावें आणि मग मिठाच्या बरणीला हात लावावा.

आतां या जीवाचें चरित्र ऐकावें, कारण सर्व उपाय त्याच्या चरित्रांतूनच निघतात. माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका त्वचेवर बसलेला नसतो. तो त्वचेच्या वरच्या पापुद्र्याखालीं घर करून आंतला रस शोषीत असतो. त्यामुळें पाण्यांत टाकलेलें औषध त्याच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. पोट भरलें म्हणजे तो पापुद्रा फोडून बाहेर पडतो, तळाशीं जाऊन खड्याला, वनस्पतीला किंवा कांचेला चिकटतो आणि आपल्याभोंवतीं चिकट वेष्टन तयार करतो. त्या वेष्टनांत एकाचे दोन, दोहोंचे चार असें विभाजन होत जातें. साधारण 25 अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत एक दिवस पुरा होण्याच्या सुमारास तें वेष्टन फुटून शेंकडों, प्रसंगीं हजारावर पिल्लें पोहत बाहेर येतात. या पिल्लांना दोन दिवसांच्या आंत मासा सांपडला तर तीं त्वचेंत शिरतात. न सांपडला तर मरतात. वेष्टनांतला जीव सुरक्षित, त्वचेखालचा जीव सुरक्षित. उघड्यावर सांपडतो तो फक्त हा पोहणारा पोर. मीठ काय, औषध काय, सर्वांचा मारा त्याच्यावरच चालतो.

या गणिताचा एक मासला पाहा. माशावर आज दहा ठिपके आहेत असें धरूं. प्रत्येकापासून पांचशें पिल्लें झालीं आणि त्यांतील शंभरांत एकालाच मासा सांपडला, तरी पुढल्या फेरींत ठिपके पन्नास होतात; त्याच्या पुढल्या फेरींत अडीचशें. नदींत किंवा तळ्यांत शंभरांत एक हें प्रमाणही मोठें झालें. पेटींत मात्र मासा जाणार कोठें? रात्रींत रोग उसळला असें लोक म्हणतात, त्याचें कारण हें. 24 ते 26 अंशांच्या पाण्यांत ही सर्व फेरी तीन ते सहा दिवसांत पुरी होते. पाणी 10 अंशांइतकें थंड असेल तर तिला महिन्याहून अधिक काळ लागतो.

यांतूनच सर्वांत मोठी फसवणूक उद्भवते. चौथ्या-पांचव्या दिवशीं माशाच्या अंगावरचे ठिपके एकाएकीं नाहींसे होतात. माझ्या शेजारच्या एका कुटुंबांत अशा दिवशीं मुलांनीं पेढे वाटले आणि मिठाचें पाणी बदलून टाकलें. नवव्या दिवशीं त्यांचे दोन्ही एंजल मासे आपादमस्तक पांढरे झाले. ठिपके गेले होते ते मेले म्हणून नव्हे, तर तळाशीं उतरून लेंकरें वाढवावयास गेले म्हणून. यासाठीं उपचार कोणताही असो, शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर तो आणखी आठवडाभर चालूं ठेवला पाहिजे.

उपाय करण्यापूर्वीं पेटींत पाणी किती आहे तें काढून ठेवावें. अंदाजानें केलेल्या उपचारांनीं जितके मासे दगावतात तितके रोगानें दगावत असतील कीं नाहीं याची मला शंका आहे. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली सेंटिमीटरांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व हजारानें भागावें. उत्तर लिटरांत येतें. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 32 खोल पाणी असेल तर 57.6 लिटर भरतात. खडे व वाळू यांनीं अडविलेली जागा वजा जातां पाणी 50 लिटर धरावें.

पहिला उपाय उष्णतेचा. हा परोपजीवी 30 अंशांच्या पाण्यांत वाढूं शकत नाहीं, असा सर्वसाधारण अनुभव आहे. उष्णता सोसणारे त्याचे कांहीं वाण आढळले आहेत, म्हणून केवळ उष्णतेवर विसंबूं नये इतकेंच. मुंबईस वैशाखांत पेटींतलें पाणी आपोआपच 30 च्या आसपास असतें, आणि रोग तेव्हां कमी दिसतो. पाऊस सुरू होऊन पाणी एकदम गार झालें कीं तो डोकें वर काढतो. पुण्यास हीच गोष्ट मार्गशीर्ष-पौषांतल्या रात्रीं करतात. ज्यांच्यापाशीं विजेचा हीटर आहे त्यांनीं दिवसांत दोन-तीन अंशांहून अधिक नाहीं अशा बेतानें उष्णता चढवावी आणि 30 वर स्थिर ठेवावी. लिटरास एक वॅट या हिशेबानें 50 लिटरांच्या पेटीस 50 वॅटचा हीटर चालतो. थंडी फार असेल तर त्याहून मोठा लागतो. हात पाण्यांत घालण्यापूर्वीं विजेची कळ बंद करून खटका काढून ठेवावा, हें मुलांना विशेष बजावावें. हीटर नसेल तर कढत पाण्याच्या बाटल्या बूच घट्ट लावून पेटींत तरंगत ठेवण्याची युक्ति एका रात्रीपुरती बरी. दहा दिवस ती कोणाच्यानें होत नाहीं, आणि उष्णतेचे हेलकावे माशाला थंडीहून वाईट.

उष्णतेबरोबर एक अडचण येते. पाणी तापलें कीं त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो: 25 अंशांवर लिटरभर पाण्यांत सुमारें 8.3 मिलिग्रॅम मावतो, 30 वर सुमारें 7.5. ज्या माशाचे कल्ले आधींच रोगानें भरले आहेत त्याला ही तूट जाणवते. म्हणून हवेचा पंप अहोरात्र चालूं ठेवावा. वीज गेली तर तांब्यानें पाणी उचलून वरून धार धरावी, तेवढ्यानेंही बरेंच काम होतें. सोनमासे हे मुळांत थंड पाण्याचे. त्यांना 30 अंशांत कोंडूं नये. त्यांच्यासाठीं मीठच बरें.

मीठ हा दुसरा उपाय, आणि माझ्या मतें घरांतल्या सर्व साधनांत पहिल्या मानाचा. गोड्या पाण्यांतल्या माशाचें रक्त भोंवतालच्या पाण्याहून पुष्कळ खारट असतें. त्यामुळें कल्ल्यांतून व त्वचेंतून पाणी सारखें आंत झिरपतें आणि क्षार बाहेर निसटतात; मासा तें पाणी मूत्रावाटें अखंड बाहेर टाकीत असतो. परोपजीवीनें त्वचेला शेंकडों छिद्रें पाडलीं कीं हें झिरपणें वाढतें, आणि मासा खरोखर आंतल्या आंत बुडूं लागतो. पाणी किंचित् खारट केलें कीं हा भार हलका होतो. शिवाय त्या पोहणाऱ्या पिल्लांना तो खारटपणा सोसत नाहीं. असा दुहेरी लाभ आहे.

प्रमाण लिटरास 3 ग्रॅम. म्हणजे आपल्या 50 लिटरांच्या पेटीस 150 ग्रॅम. तें एकदम टाकावयाचें नाहीं; 50 ग्रॅमचे तीन भाग करून, बारा-बारा तासांच्या अंतरानें, पेटींतलेंच पाणी तांब्यांत घेऊन त्यांत पुरतें विरघळवून, हळूहळू ओतावें. मिठाचे खडे माशाच्या अंगावर पडले तर त्वचा भाजते. जाडें मीठ मिळालें तर उत्तम, पण स्वयंपाकघरांतलें आयोडीनयुक्त मीठही चालतें. त्या आयोडीनचें अनेकांना भय वाटतें. आपल्याकडे ग्राहकाच्या हातीं पडणाऱ्या मिठांत आयोडीनचें प्रमाण किलोस निदान 15 मिलिग्रॅम असावें असा नियम आहे. त्या हिशेबानें 3 ग्रॅम मिठांतून लिटरभर पाण्यांत मिलिग्रॅमचा विसावा हिस्साही पडत नाहीं. एवढ्यानें मासा दगावत नाहीं. मसाला घातलेलें किंवा काळें मीठ मात्र नको.

मिठाचा एक गुण ध्यानांत ठेवावा: तें वाफ होऊन उडत नाहीं. पेटींतलें पाणी उन्हानें आटलें तर साधें पाणी भरावें, मीठ घालूं नये. पण पाणी काढून टाकलें असेल तर जितके लिटर काढले तितक्यांचें मीठ पुन्हां घातलें पाहिजे. दहा लिटर बदलले तर 30 ग्रॅम. गप्पी व मॉली यांना हा खारटपणा मानवतो. अंगावर खवलें नसलेले मासे, म्हणजे कॅटफिशच्या जाती, तसेच लोच, यांना तो बाधतो; त्यांच्यासाठीं प्रमाण निम्मे ठेवावें आणि लक्ष दुप्पट. पाणवनस्पती बहुतेक करपतात. त्या आधींच काढून, मासे नसलेल्या बादलींत, उजेडांत ठेवून द्याव्या. त्या बादलींत मासाच नसल्यानें तेथला परोपजीवी उपासमारीनें आपोआप संपतो.

मीठ व उष्णता चालूं असतांना रोज रबरी नळी तळाशीं फिरवून खड्यांमधला गाळ ओढून काढावा आणि चौथा हिस्सा पाणी बदलावें. वेष्टनांतले जीव तळाशींच असतात. प्रत्येक वेळीं नळींतून किती निघून जातात तें डोळ्यांना दिसत नसलें तरी वरचें गणित आठवावें, एक काढला कीं पांचशें टळले. बदलावयाचें पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवलेलें असावें, म्हणजे नगरपालिकेच्या पाण्यांतला क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत त्याचे एक-दोन बारीक खडे तें काम क्षणांत करतात.

तिसरा उपाय असा आहे कीं त्याला औषध नको, मीठ नको आणि पैसा नको. फक्त चिकाटी पाहिजे. तो म्हणजे माशाला सारखें नव्या जागीं हलविणें. जीव माशावरून खालीं पडला कीं त्याचीं पिल्लें पोहूं लागण्यास उबदार पाण्यांतही अठरा तासांच्या आसपास लागतात. त्यापूर्वींच मासा दुसऱ्या भांड्यांत गेला तर तीं पिल्लें रिकाम्या पाण्यांत जन्मतात आणि मरतात. ज्यांना कधीं साबण लागलेला नाहीं असे दोन टब घ्यावे. दोहोंतलें पाणी सारख्याच उष्णतेचें, 25-26 अंशांचें, मुरविलेलें असावें. दर बारा तासांनीं मासे एकांतून दुसऱ्यांत न्यावे; रिकामा झालेला टब कढत पाण्यानें धुऊन उन्हांत खडखडीत वाळवावा, कारण हा जीव वाळणें सहन करीत नाहीं. असें सात दिवस करावें. मासे जाळ्यानें खरवडूं नयेत, वाडग्यानें पाण्यासकट उचलावे व त्यांतलें पाणी शक्य तितकें कमी जाऊं द्यावें. टबावर पातळ फडकें बांधावें, नाहींतर सकाळीं मासा फरशीवर सांपडतो. चार-पांच लहान मासे असतील त्यांना ही रीत मला सर्वांत खात्रीची वाटते; मोठ्या पेटीच्या धन्याला ती जमणार नाहीं हें उघड आहे. मधल्या काळांत मूळ पेटी माशांवांचून, पण गाळणी चालूं ठेवून, 27-28 अंशांवर दहा दिवस रिकामी ठेवली कीं ती आपोआप शुद्ध होते.

असो. आतां ज्या उपायांविषयीं लोक विचारतात त्यांकडे वळूं. हळद, लसूण, कडुलिंब आणि देशी बदामाचीं वाळलेलीं पानें हीं आपल्याकडे नेहमींचीं. बदामाच्या पानांनीं पाणी तपकिरी व किंचित् आम्ल होतें, माशाला तें मानवतें, पण ठिपक्यांवर विसंबण्यासारखा त्यांचा उपयोग नाहीं. लसणाच्या अर्कानें पोहणारीं पिल्लें मेल्याचें प्रयोगशाळेंत दिसलें आहे. पेटींत मात्र पाकळ्या कुजून पाणी नासतें हेंच अधिक खरें. कडुलिंबाचा अर्क माशालाच विषारी होऊं शकतो. हळदीनें रोगी मासा पिवळा दिसतो आणि ठिपके दिसेनासे होतात, एवढाच तिचा गुण मला दिसला आहे. तांब्याचें नाणें किंवा तार पाण्यांत टाकण्याची रीतही ऐकिवांत आहे. तांबें या जीवाला मारतें हें खरें आहे. पण मारण्याचें आणि मासा मरण्याचें प्रमाण यांत अंतर फार थोडें असतें, आणि पाणी जितकें मृदु तितकें तें अंतर आणखी घटतें. मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा येथून येणारें पाणी मृदु आहे. गोगलगाई व झिंगे तर तांब्यानें निश्चित मरतात.

पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक औषधांच्या दुकानांत मिळतात. त्वचेवरील कित्येक परोपजीवींवर त्याचा उपयोग होतो, पण येथें चिमूट हें माप प्राणघातक आहे. 1 ग्रॅम स्फटिक मोजून 1 लिटर पाण्यांत विरघळवावे. म्हणजे त्या द्रावाच्या प्रत्येक मिलिलिटरांत 1 मिलिग्रॅम येतो. दहा लिटरांच्या निराळ्या बादलींत यांतले 100 मिलिलिटर घातले कीं लिटरास 10 मिलिग्रॅम हें प्रमाण झालें. त्यांत मासा अर्ध्या तासाहून अधिक ठेवूं नये, आणि तो कलंडूं लागला तर तत्काळ स्वच्छ पाण्यांत सोडावा. औषध पेटींत ओतूं नये, कारण गाळणींत माशांची घाण पचविणारे जे उपयुक्त जंतु असतात ते त्यानें मरतात व मग मासा स्वतःच्याच उत्सर्गानें गुदमरतो. मेथिलीन ब्लूचेंही तसेंच आहे. हा निळा रंग हाइन्रिख कारो यानें 1876 सालींच तयार केला, म्हणजे रोगाचें वर्णन आणि हा रंग एकाच वर्षाचे. तथापि या रोगावर त्याचा प्रभाव मध्यमच आहे. मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन हीं खरीं प्रभावी औषधें, परंतु पहिलें खाण्याच्या माशांसाठीं अनेक देशांत निषिद्ध ठरलें आहे आणि दुसऱ्याची वाफ माणसाच्या फुप्फुसांना घातक आहे. मुलें असलेल्या घरांत फॉर्मेलिनची बाटली आणूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

इतर परोपजीवींविषयीं थोडक्यांत. सोनमाशाच्या अंगांतून बाहेर आलेला, दोऱ्यासारखा, टोंकाशीं दोन पिशव्या असलेला जीव दिसला तर तो लर्निया, ज्याला नांगरकृमि म्हणतां येईल. दिसतो तो कृमीसारखा, पण आहे तो झिंग्यांच्या नात्यांतला. डोकें नांगरासारखें मांसांत रुतलेलें असतें आणि त्या दोन पिशव्या अंड्यांच्या. मासा ओल्या फडक्यांत धरून, बारीक चिमट्यानें अगदीं मुळाशीं पकडून, तो सावकाश ओढून काढावा. जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा टेकवावा, कल्ल्यांना तो लागूं देऊं नये. मिठानें हा मोठा जीव मरत नाहीं. अंड्यांतून निघालेलीं पिल्लें पुढें कित्येक दिवसांनीं चिकटतात, म्हणून महिनाभर दर तीन-चार दिवसांनीं मासे तपासावे. आर्ग्युलस नांवाची माशाची ऊ, ही मात्र खरोखर उवेसारखी, चपटी व पारदर्शक असते आणि चिमट्यानें सहज निघते. ती अंडीं माशावर घालीत नाहीं, दगड-कांचांवर ओळीनें घालते. कित्येक मत्स्यपालक तळ्यांत लांकडी फळ्या मुद्दाम उभ्या करून, अंडीं त्यांवर घातलीं गेलीं म्हणजे त्या काढून वाळवितात. पेटीचा धनी तेंच काम कांच खरवडून करूं शकतो. कल्ल्यांतले चपटे कृमि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. मासा अंग घासतो, एका कल्ल्यानेंच श्वास घेतो, ठिपका मात्र नाहीं, अशी स्थिति असेल तर त्यांचा संशय घ्यावा आणि पशुवैद्याकडून प्राझिक्वान्टेल मिळविण्याची खटपट करावी. घरगुती उपायांवर तेथें वेळ घालवूं नये.

पांढऱ्या ठिपक्यांचा जीव माणसाला लागत नाहीं. पेटीच्या पाण्यांत दुसरे जंतु असूं शकतात, म्हणून हाताला जखम असेल तर हात घालूं नये व काम झाल्यावर साबणानें धुवावे. रोगट पेटींतलें पाणी किंवा नकोसे झालेले मासे विहिरींत, ओढ्यांत, तळ्यांत सोडूं नयेत. आपली पीडा तेथल्या माशांना देण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. आणि रोग येतो तो बहुधा विकत आणलेल्या नव्या माशाबरोबर. त्याला निदान तीन आठवडे वेगळ्या भांड्यांत ठेवावें, आणि पिशवींतलें पाणी पेटींत ओतूं नये. जो मासा या दुखण्यांतून उठतो त्याला पुढें कांहीं काळ त्याच रोगाची बाधा सहसा होत नाहीं. तथापि पेटींत नवा आलेला सोबती तसा कणखर नसतो.

आठवडाभर ठिपका दिसला नाहीं म्हणजे उष्णता रोज दोन अंशांनीं उतरवीत नेहमींच्या पातळीवर आणावी. मग एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी काढून साधें पाणी भरावें. पहिल्या बदलानें मिठाचें प्रमाण लिटरास 3 ग्रॅमवरून सव्वादोनवर येतें, दुसऱ्यानें सुमारें 1.7 वर, तिसऱ्यानें सव्वा ग्रॅमच्या जवळपास. चौथ्या बदलानंतर तें एक ग्रॅमच्या खालीं उतरतें, आणि तेव्हां बादलींत काढून ठेवलेल्या वनस्पती पुन्हां पेटींत लावावयास हरकत नाहीं.